जहाजभाडे उतरते, पण नागपूरच्या दारातला खर्च का उतरत नाही?

हिंगणा_कारखानदार :

नमस्कार. हिंगणा एमआयडीसीत खाद्यपदार्थांच्या पॅकिंगची यंत्रे जुळवण्याचा माझा लहान कारखाना आहे. या यंत्रांच्या मोटारी आणि काही सुटे भाग चीनमधील निंगबो बंदरातून येतात. वर्षातून दोनदा पूर्ण कंटेनर भरतो, आणि एरवी इतरांच्या मालासोबत एलसीएलने दोन-तीन घनमीटर माल मागवतो.

२०१९ पासून मी एक वही ठेवली आहे. तिच्या डाव्या पानावर लंडनच्या ड्रूरी या सल्लागार संस्थेच्या जागतिक कंटेनर निर्देशांकाचा दर गुरुवारचा आकडा असतो आणि उजव्या पानावर माझ्या प्रत्येक खेपेचा निंगबो ते हिंगणा हा प्रत्यक्ष खर्च. डावे पान सांगते की चाळीस फुटी कंटेनरचे भाडे २०१९ मध्ये सरासरी १,४२० डॉलर होते, सप्टेंबर २०२१ मध्ये ते १०,३७७ डॉलरवर गेले, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस १,३४२ पर्यंत उतरले, आणि तांबड्या समुद्रातील हल्ल्यांनंतर जुलै २०२४ मध्ये पुन्हा ५,९०० च्या वर चढले. भाडे चढताना माझे उजवे पान त्याच्यासोबत चढले. उतरताना मात्र ते मागेच राहिले. जगातले भाडे करोनाच्या आधीच्या पातळीखाली आलेले असताना माझा दर घनमीटर खर्च २०१९ च्या जवळपासही नव्हता.

त्या काळातली एक खेप अजून मनातून जात नाही. माल तीन घनमीटर होता, पुरवठादाराने सीआयएफ किंमत (विमा आणि जहाजभाडे धरून) दिली होती आणि भाड्यापोटी वेगळे काही घेणार नसल्याचे कळवले होते. माल आल्यावर इथल्या एजंटाने डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल सोडण्याचे पत्र, देण्यापूर्वी जे बिल पाठवले त्यात नऊ ओळी होत्या आणि बेरीज एक्केचाळीस हजार रुपयांची होती. बिल भरल्याशिवाय माल सुटणार नव्हता, म्हणून भरले. आपल्यापैकी जे नियमित आयात करतात त्यांनी कृपया सांगावे, की हा खर्च नेमका कुठे ठरतो आणि तो ठरत असताना आपण तिथे कसे असू शकतो?

कागदपत्रे :

कारखानदार साहेब, अशी वही फार थोडे आयातदार ठेवतात. मी आधी न्हावा शेव्याला आणि आता नागपुरात, मिळून वीस वर्षे सीमाशुल्क दलालीचे काम करतो आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट आपल्या डाव्या पानाविषयी. त्या निर्देशांकात भारत नाही. ड्रूरीचा तो आकडा आठ मार्गांवरून काढला जातो आणि त्या मार्गांची टोके शांघाय, रॉटरडॅम, जेनोवा, लॉस एंजेलिस व न्यूयॉर्क ही आहेत. शांघायहून दर शुक्रवारी येणाऱ्या निर्देशांकातही आपल्याला सर्वांत जवळचा मार्ग आखातातल्या दुबईचा आहे. त्या आकड्यावरून वारे कुठल्या दिशेला वाहते आहे ते कळते. निंगबो ते न्हावा शेवा हे भाडे कळत नाही. ते आपल्याला दर पंधरवड्याला दोन-तीन फॉरवर्डरांना, म्हणजे मालवाहतूक जुळवून देणाऱ्या एजंटांना, विचारूनच लिहावे लागेल. पंधरवडा अशासाठी, की बहुतेक शिपिंग लाइन भाडेवाढ महिन्याच्या १ आणि १५ तारखेपासून जाहीर करतात. जाहीर झालेली वाढ टिकतेच असे नाही. जहाजात जागा रिकामी असेल तर आठवड्याभरात ती मागे घेतली जाते. वाढ टिकवायची असेल तर लाइन एखादी फेरीच रद्द करतात, म्हणजे ठरलेले जहाज त्या आठवड्यात सुटत नाही आणि त्याचा माल पुढच्या जहाजावर येऊन पडतो. म्हणून दर विचारताना किती फेऱ्या रद्द झाल्या आहेत हेही विचारावे.

दुसरी गोष्ट त्या एक्केचाळीस हजारांची. चीनमध्ये लहान खेपा एकत्र करून कंटेनर भरणाऱ्या कंपन्यांत इतकी चढाओढ आहे की त्या पुरवठादाराकडून भाडे घेतच नाहीत, कधी कधी घनमीटरमागे त्यालाच काही डॉलर परत देतात. हा पैसा वसूल होतो तो माल उतरतो तिथे, आयातदाराकडून. आपण त्या एजंटाला निवडलेले नसते, त्याच्याशी दर ठरवलेला नसतो, आणि माल त्याच्या ताब्यात असतो. जागतिक भाडे कितीही उतरले तरी या बिलातली एकही ओळ त्याला बांधलेली नाही, म्हणून आपले उजवे पान उतरले नाही. यावर उपाय एकच, आणि तो माल सुटण्यापूर्वीच करता येतो. खरेदी एफओबी अटीवर, म्हणजे विक्रेत्याने माल जहाजावर चढवायचा आणि पुढचे भाडे आपण ठरवायचे अशी करावी, फॉरवर्डर आपण नेमावा, आणि नागपूरच्या डेपोतून माल बाहेर पडेपर्यंतची प्रत्येक ओळ त्याच्याकडून लेखी घ्यावी. एलसीएलमध्ये एक घनमीटर किंवा एक टन यांपैकी जे जास्त भरेल त्यावर आकारणी होते. आपल्या मोटारी जड आहेत, त्यामुळे वजनाचा हिशेबही सोबत करावा.

नवीन_आयातदार :

मला एक शंका आहे. चीनहून न्हावा शेव्याला येणारे जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीतून येते. तांबडा समुद्र त्याच्या वाटेत नाही. मग २०२४ मध्ये आपले भाडे का वाढले? शिवाय वृत्तवाहिन्यांवर बाल्टिक ड्राय इंडेक्सचा उल्लेख असतो, तोही आयातदाराने पाहावा का?

कळमना_डाळ :

तो निर्देशांक कोळसा, लोहखनिज, धान्य असा सुटा माल वाहणाऱ्या जहाजांचा आहे. २० मे २००८ रोजी तो ११,७९३ वर गेला होता आणि त्याच वर्षअखेरीपर्यंत हजाराखाली कोसळला होता. कंटेनर मागवणाऱ्याला त्याचा थेट उपयोग नाही.

पहिला प्रश्न मात्र फार मोलाचा आहे, कारण मीही तोच विचारत होतो. माझी तूर मोझांबिकहून येते. नाकाला किंवा बेईरा ते न्हावा शेवा ही वाट हिंदी महासागरातली, तांबड्या समुद्राशी तिचा संबंध नाही, तरी माझे भाडे चढले. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनच्या हुथी बंडखोरांनी गॅलेक्सी लीडर हे जहाज ताब्यात घेतले आणि डिसेंबरमध्ये बहुतेक मोठ्या लाइननी सुएझ सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला. आशिया-युरोप प्रवासाला एका दिशेने साधारण दहा ते चौदा दिवस वाढले. आता असे धरा, की दर आठवड्याला एक जहाज सोडणाऱ्या सेवेला बारा जहाजे पुरत होती. जाऊन-येऊन तीन आठवडे वाढले तर तिलाच पंधरा लागतात. ही वरची तीन जहाजे कुठून येणार? ज्या मार्गांवर भाडे कमी मिळते तिथून ती उचलली जातात, आणि आपले मार्ग त्यांत मोडतात. रिकाम्या कंटेनरांचेही तेच. ते तितके दिवस जास्त समुद्रावर राहतात आणि चीनमध्ये भरायला वेळेवर परतत नाहीत.

जहाजे थोडी कमी पडली म्हणून भाडे दुप्पट-तिप्पट का व्हावे, हे कळमन्याच्या बाजारात वावरणाऱ्याला वेगळे समजवावे लागत नाही. आवक दहा टक्के घटली तर भाव दहा टक्क्यांनी वाढून थांबत नाही. शेवटच्या दहा गाड्यांसाठी जो सर्वांत जास्त द्यायला तयार असतो तो साऱ्या यार्डाचा भाव ठरवतो. जहाजाचेही तसेच आहे. जागा असते तेव्हा लाइन तेलाचा खर्च निघेल तेवढ्यावरही कंटेनर घेते, कारण जहाज सुटणारच असते. जागा संपली की ज्याचा कारखाना बंद पडायला आला आहे तो मागेल ते देतो आणि तोच सगळ्यांचा दर होतो.

आपण काय आणतो यावरही पुष्कळ अवलंबून आहे. वीस फुटी कंटेनरमध्ये मी सुमारे चोवीस टन तूर भरतो. भाडे १,२०० डॉलरने वाढले तर टनामागे ५० डॉलर, म्हणजे क्विंटलमागे पाच डॉलर वाढतात, आणि माझ्यासारख्याच्या हाती क्विंटलमागे इतके उरतच नाहीत. तेवढ्याच कंटेनरात साठ हजार डॉलरचे सुटे भाग असतील तर तीच वाढ दोन टक्के आहे. म्हणून जड आणि स्वस्त माल आणणाऱ्याने भाडे आधी पक्के करावे आणि मालाचा भाव नंतर. महाग माल आणणाऱ्याने भाड्यापेक्षा दिवस जपावेत. डाळीत दिवसही जपावे लागतात, हे आमचे जास्तीचे ओझे आहे. पिवळ्या वाटाण्यावरचे शुल्क डिसेंबर २०२३ मध्ये उठवले गेले तेव्हा सवलत बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे जहाजात माल चढल्याच्या पावतीच्या, तारखेला बांधलेली होती. फेरी रद्द होऊन ती तारीख हुकली, तर स्वस्त भाड्याने वाचवलेले सारे शुल्कात जाते.

लाकडगंज_सागवान :

एफओबीच्या सल्ल्याशी मी बहुतांशी सहमत आहे, पण एक बाजू राहू नये म्हणून लिहितो. २०२१ मध्ये ज्यांचे सौदे सीआयएफवर आधीच पक्के झाले होते त्यांच्यातल्या काहींना विक्रेत्यांनी ठरल्या किमतीत माल पोहोचवला आणि भाड्याची सारी झळ स्वतः सोसली. मी तेव्हा एफओबीवर होतो. सागवानाचे चार कंटेनर पलीकडच्या बंदरावर सात आठवडे पडून राहिले आणि अखेर जे भाडे भरले ते लाकडाच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होते. माझ्या ओळखीच्या दुसऱ्या काहींना मात्र सीआयएफ विक्रेत्याने जहाजात जागाच नसल्याचे सांगून महिनोन्‌महिने ताटकळत ठेवले. तेव्हा अट कोणती यापेक्षा समोरचा विक्रेता शब्दाला किती पक्का आहे हेही पाहावे लागते.

विम्याबाबत मात्र माझे मत ठाम आहे. सीआयएफ अटीत विमा विक्रेता उतरवतो, पण इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापार अटींच्या नियमावलीनुसार त्याने किमान संरक्षणाचा, म्हणजे ‘सी’ कलमांचा विमा उतरवला तरी त्याची जबाबदारी पूर्ण होते. पाणी शिरून लाकूड किंवा धान्य खराब होणे, चोरी होणे, असे नेहमीचे नुकसान त्यात बसत नाही. युद्धाचा धोका तर स्वतंत्रच घ्यावा लागतो, आणि तांबड्या समुद्राच्या प्रकरणानंतर तो कुणी टाळू नये. २३ मार्च २०२१ रोजी एव्हर गिव्हन हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात अडकले तेव्हा जहाजमालकाने जनरल अॅव्हरेज जाहीर केले. त्याचा अर्थ असा, की जहाज वाचवण्याच्या खर्चात त्यावरच्या प्रत्येक मालधन्याचा वाटा लागतो आणि त्या वाट्याची हमी दिल्याशिवाय कंटेनर हाती येत नाही. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते. नसेल तर माल धडधाकट असूनही रोख रक्कम भरावी लागते.

सर्वांत स्वस्त भाडे देणाऱ्या लाइनकडे धावण्यापूर्वीही थोडे थांबावे. ऑगस्ट २०१६ च्या अखेरीस कोरियाच्या हानजिन कंपनीने न्यायालयाकडे संरक्षण मागितले. त्याआधीची काही वर्षे भाडे अगदी तळाला होते. आपले पैसे बुडतील या भीतीने बंदरांनी तिची जहाजे धक्क्याला लागू दिली नाहीत, आणि ज्यांनी भाडे आगाऊ भरले होते त्यांचा माल समुद्रावर अडकून राहिला.

धंतोली_करसल्लागार :

चर्चेत शुल्काची बाजू अजून आलेली नाही, म्हणून लिहिते. आपल्याकडे सीमाशुल्क मालाच्या मूळ किमतीवर नाही, तर भाडे आणि विमा धरून येणाऱ्या किमतीवर लागते. म्हणजे भाडे वाढले की शुल्कही वाढते. मूळ शुल्क ७.५ टक्के, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १८ टक्के असलेले यंत्र धरू. भाडे २,००० डॉलरने वाढले तर मूळ शुल्क व अधिभार मिळून १६५ डॉलर वाढतात आणि ते परत मिळत नाहीत. आयजीएसटी सुमारे ३९० डॉलरने वाढतो. त्याचे क्रेडिट मिळते, पण तोवर खेळत्या भांडवलातून तेवढी रक्कम अडकते.

यात लहान आयातदार दोन ठिकाणी चुकताना मी सतत पाहते. सीमाशुल्क मूल्यांकन नियम, २००७ मधील नियम १० नुसार भाड्याचा खर्च समजू शकत नसेल तर तो एफओबी किमतीच्या २० टक्के धरला जातो, आणि विम्याचा खर्च समजत नसेल तर १.१२५ टक्के. वीस हजार डॉलरच्या मालावर प्रत्यक्ष भाडे ९०० डॉलर असताना बिल हाताशी नाही म्हणून ४,००० डॉलर धरून शुल्क भरलेले कागद माझ्या टेबलावर आले आहेत. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे सीमाशुल्काकडे द्यायचे आयातीचे घोषणापत्र, भरण्यापूर्वी फॉरवर्डरकडून भाड्याचे बिल मिळालेच पाहिजे.

दुसरी गोष्ट नागपूरकरांच्या फायद्याची आहे. माल समुद्रमार्गे येऊन न्हावा शेव्याहून दुसऱ्या सीमाशुल्क ठाण्याकडे, म्हणजे आपल्या इथल्या कोरड्या बंदराकडे पुढे पाठवला जातो, तेव्हा त्या अंतर्गत प्रवासाचे भाडे, विमा आणि हाताळणी मूल्यात धरायची नसते. मात्र सागरी भाडे आणि रेल्वेचे भाडे बिलात वेगवेगळे दाखवलेले असले पाहिजे. ‘निंगबो ते नागपूर एकरकमी’ असे बिल आले तर ते वेगळे करून मागावे.

सीआयएफवर आयात करणाऱ्यांनी सागरी भाड्यावर पुन्हा स्वतंत्र आयजीएसटी भरण्याचा वाद १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोहित मिनरल्स प्रकरणात आयातदारांच्या बाजूने निकाली काढला. त्याआधीच्या काळात असा कर भरलेल्यांनी आपापल्या नोंदी तपासून घ्याव्यात.

हिंगणा_कारखानदार :

ताई, आपण लिहिलेले वाचून मी काल रात्री जुन्या फायली काढल्या. पाच खेपांपैकी दोन खेपांत भाडे २० टक्के धरलेले आहे, आणि माझ्या ते आजवर लक्षातही आले नव्हते. उजव्या पानावरचा न उतरलेला काही भाग तिथे होता.

आता माझा शेवटचा प्रश्न दिवसांविषयी. मागच्या पूर्ण चाळीस फुटी कंटेनरला शहराजवळच्या एका डेपोत माल उतरवून रिकामा कंटेनर परत करेपर्यंत लाइनने अकरा दिवसांचे डिटेन्शन, म्हणजे मुदतीबाहेर कंटेनर ठेवल्याचे पैसे, लावले. माल माझ्याकडे चौथ्या दिवशीच आला होता. मग हे दिवस कुठे गेले?

कागदपत्रे :

हा सर्वांत जास्त दुखणारा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ग्राउंड रेंट डेपोला जागेसाठी द्यावे लागते. डिटेन्शन लाइनला तिच्या डब्यासाठी. दोन्हींचे मोफत दिवस वेगळे असतात आणि वेगळ्या क्षणापासून मोजले जातात. बिल ऑफ लेडिंगवर अंतिम ठिकाण नागपूर असेल तर लाइन स्वतः कंटेनर रेल्वेने आणते. अशा वेळी मोफत दिवस जहाजातून उतरल्यापासून धरणार की नागपूरला पोहोचल्यापासून, हे बुकिंगपूर्वी लेखी विचारलेच पाहिजे. पंचेचाळीस वाघिणींची एक गाडी वीस फुटी नव्वद कंटेनर नेते, आणि नागपूरसाठी तेवढा माल जमेपर्यंत आपला कंटेनर बंदरातच थांबतो. दिवस तिथूनच मोजायला लागले तर मुदतीचा निम्मा भाग आपण काही करण्याआधीच संपलेला असतो.

रिकामा कंटेनर कुठे परत द्यायचा हा त्याहून महत्त्वाचा मुद्दा आहे. विदर्भातून तांदूळ, फेरो अलॉय असा जड माल निर्यात होतो आणि त्याला वीस फुटी कंटेनर लागतात, म्हणून माझ्या अनुभवात लाइन वीस फुटी रिकामा कंटेनर नागपुरातच आनंदाने घेतात. चाळीस फुटीला इथे तेवढी मागणी नसते. तो न्हावा शेव्याला परत पाठवण्याची अट असेल तर परतीचा खर्च आणि वाटेतले दिवस दोन्ही आपल्यावर पडतात, आणि आपले अकरा दिवस बहुधा तिथेच गेले असावेत. आपण तो माल दोन वीस फुटी कंटेनरांत आणला असता तर सागरी भाडे वाढले असते, पण एकूण हिशेब कदाचित कमी आला असता.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून ठाणे जिल्ह्यातील आमण्यापर्यंत पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाल्यापासून तिसरा पर्यायही व्यवहार्य झाला आहे. न्हावा शेव्यालाच माल सोडवून, कंटेनर तिथेच रिकामा करून ट्रकने आणायचा. घाईच्या आणि हलक्या मालाला हा मार्ग ठीक आहे. जड मालाला मी अजूनही रेल्वेच सुचवतो, आणि म्यानमार किंवा अतिपूर्वेकडून येणाऱ्यांनी विशाखापट्टणमचाही दर मागवावा. नागपूरहून ते बंदर न्हावा शेव्यापेक्षा फार लांब नाही.

सीमाशुल्क विभागाने तपासणीसाठी माल रोखला आणि नंतर नोंदी बरोबर निघाल्या, तर त्या काळाचे डिटेन्शन लाइनने मागू नये असे २०१८ च्या सागरी माल घोषणापत्र व ट्रान्सशिपमेंट विनियमांत म्हटले आहे. त्यासाठी तसे पत्र सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून लगेच घ्यावे लागते. बिल ऑफ एन्ट्रीही जहाज येण्यापूर्वीच भरावी. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये विलंब शुल्क आहे, आणि त्या पैशाच्या बदल्यात आपल्या हाती काहीच येत नाही.

हिंगणा_कारखानदार :

सर्वांचे मनापासून आभार. आज निंगबोच्या पुरवठादाराने पुढची खेप एफओबीवर द्यायला मान्यता दिली. किमतीत त्याने जेवढे कमी केले त्यावरून आजवर ‘भाडे नाही’ म्हणताना तो किती धरत होता तेही कळले. तीन फॉरवर्डरांकडून दर मागवले. दोघांनी फक्त सागरी भाडे कळवले. तिसऱ्याचे भाडे ऐंशी डॉलरने जास्त आहे, पण त्याने नागपूर डेपोपर्यंतच्या सर्व ओळी, सागरी आणि रेल्वे भाडे वेगळे, नागपूरला पोहोचल्यापासून चौदा मोफत दिवस आणि रिकामा वीस फुटी कंटेनर नागपुरातच परत, असे सर्व लेखी दिले आहे. त्याचेच बुकिंग केले. विमा ‘ए’ कलमांचा, म्हणजे सर्वांत व्यापक संरक्षणाचा, आणि युद्धाच्या धोक्यासह मी स्वतः उतरवला आहे. जहाज पुढच्या आठवड्यात सुटेल. कंटेनर परत दिल्याची पावती हाती आली की उजव्या पानावरचा सगळा हिशेब ओळीओळीने याच धाग्यावर लिहीन.